आजाऱ्याची सेवा आणि आमच्या लेकी
(वर्षावासातील प्रवचन)



गेल्या रविवारी त्रिसरण-पंचशील झाले, वंदना संपली, लोक चपला शोधू लागले, तेव्हा आपल्याच वस्तीतील एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. त्यांच्या मुलीचा नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला नंबर लागला आहे. मुलगी हुशार आहे आणि तिची जायची इच्छा आहे. परंतु घरात वाद पेटला आहे. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, "मेलेली ढोरे ओढणे आपण सोडले, गावाची घाण उपसणे सोडले, ते काय पोरीला दवाखान्यात लोकांचे हगणे-मुतणे काढायला पाठवण्यासाठी? बाबासाहेबांनी आपल्याला ज्यातून बाहेर काढले, त्यातच पुन्हा फी भरून जायचे?" त्या गृहस्थांनी मला विचारले, "गुरुजी, याला उत्तर काय द्यावे?"

मी त्यांना तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. कारण थोरल्या भावाचा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत तोच असा प्रश्न विचारतो. म्हणून आज सगळ्यांसमोर त्याचा विचार करू.

माझी आजी गावची सुईण होती. काही गावांत हे काम मांगवाड्याकडे असे, आमच्या गावात ते महारवाड्याकडे होते. आजीला हे काम कोणी विचारून दिले नव्हते. तिच्या सासूकडे होते म्हणून तिच्याकडे आले. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा, वस्तीच्या कडेला उभा राहून हाक मारायचा, आणि आजी निघायची. एरवी ज्या घराच्या ओट्यालाही तिने हात लावायचा नाही, त्या घराच्या सगळ्यांत आतल्या अंधाऱ्या खोलीत त्या रात्री तिला नेत असत. तेही मागच्या दाराने. मूल बाहेर घेणे, नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भरलेली फडकी ओढ्यावर धुणे, सगळे तिने करायचे. दहा दिवस सोयर. सोयर फिटले की घर सारवायचे, गोमूत्र शिंपडायचे, आणि आजीचा त्या घराशी संबंध संपला. मोबदला काय? एखादे जुनेर, पायलीभर जोंधळे, मुलगा झाला असला तर नारळ. जे पोर तिच्या हातांवर पहिल्यांदा रडले, तेच पोर पाच-सहा वर्षांचे झाले की रस्त्यात तिला "लांब हो" म्हणत असे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्तीने बसून ठरविले: ढोरे ओढायची नाहीत, मयताचा सांगावा न्यायचा नाही, आणि सुईणकी करायची नाही. तो निर्णय योग्यच होता. आजही मी तो योग्यच म्हणेन. कारण ती सेवा नव्हती, जातीने लादलेली वेठ होती.

आता तथागतांकडे वळू.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो मुद्दाम घेतला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात लोळत पडला होता. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत होते, ते त्याच्याजवळ आले. त्यांनी चौकशी केली, तुझी शुश्रूषा कोण करतो? कोणी नाही. का नाही? तर तो भिक्खू म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. (पाहा, हिशेब कसा माणसाच्या रक्तात असतो! संघात येऊनही तो जात नाही.) तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि नीट बिछान्यावर निजविले.

येथे थोडे थांबा. कोणाचे हात आहेत हे? शाक्यकुळात जन्मलेल्या, राजवैभवात वाढलेल्या माणसाचे. सेवक बोलावता आला असता. कोण्या खालच्या जातीच्या माणसाला हाक मारता आली असती. त्या काळीही असली कामे करणारी माणसे होतीच. पण तथागतांनी स्वतः हात घातला आणि मगच संघाला बोलावून विचारले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, येथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? आणि माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

हा प्रसंग बहुतेकांनी ऐकलेला असतो. परंतु त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याच ठिकाणी तथागतांनी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. तुम्हाला वाटेल, पहिला गुण करुणा असेल. नाही! पहिला गुण आहे औषध तयार करून देण्याची पात्रता. दुसरा, पथ्य कोणते आणि अपथ्य कोणते हे ओळखून पथ्य पुढे करणे व अपथ्य दूर करणे. मैत्रीचित्ताने, लाभाच्या आशेवाचून सेवा करणे, हे तिसऱ्या क्रमांकावर आले. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न येणे, हे चौथे. आणि आजाऱ्याला वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने धीर देता येणे, हे पाचवे.

विद्या आधी आणि घाण चौथी. थोरल्या भावाचे उत्तर या क्रमातच आहे. आमच्या आज्यांना या देशाने पाचांतला फक्त चौथा गुण दिला. घाण तेवढी दिली. पहिले दोन जाणूनबुजून नाकारले. अक्षर नाकारले, औषध नाकारले, आणि मग म्हणाले, "सुईण अडाणी असते."

त्या नाकारण्याची किंमत कोणी मोजली ते सांगतो. हे सांगताना मला आजही जड जाते. माझ्या आत्याची दोन मुले जन्मानंतर आठवडाभरातच गेली. दोन्ही आधी चांगली दूध ओढत होती. मग एकाएकी तोंड उघडेना, जबडा घट्ट, अंग धनुष्यासारखे वाकलेले, कोणी हात लावला तरी झटका. घरात सगळे म्हणाले, पाचवी नीट पूजली नाही, सटवाईने कपाळावर एवढेच लिहिले होते. पुढे १९७० नंतरच्या काळात सरकारने गावोगावच्या सुईणींना शिकवायला सुरुवात केली. आजी तेव्हा म्हातारी झाली होती, काम सोडून किती वर्षे झाली होती, तरी वस्तीतल्या बाया गेल्या म्हणून तीही गेली. तेथे नर्सबाईंनी सांगितले की, बाळाचा तो झटका म्हणजे धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. विळ्याने, गंजक्या वस्तऱ्याने नाळ कापली, वर शेण किंवा राख लावली, की ते जंतू नाळेतून शिरतात आणि तिसऱ्या दिवसापासून पंधरवड्याच्या आत कधीही, बहुधा आठवड्याच्या सुमारास, जबडा धरतात.

आजी घरी आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. जेवली नाही. रात्री आईला एवढेच म्हणाली, "माझ्याच इळ्यानं गेली गं ती." आत्याच्या दोन्ही मुलांची नाळ आजीनेच कापली होती.

उपासिकांनो, आजीला करुणा नव्हती काय? तिच्याइतकी माया मी कुठे पाहिली नाही. किळस तर तिला ठाऊकच नव्हती. पण विद्येवाचून मायेने काय केले पाहा! म्हणून बाबासाहेब प्रज्ञा, शील, करुणा म्हणताना प्रज्ञा पुढे ठेवतात. सटवाईने काही लिहिले नव्हते. हात साबणाने धुवा, जागा स्वच्छ ठेवा, नवे पाते, उकळलेला दोरा, नाळेला काही न लावणे आणि गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस, एवढ्याने तो लेख पुसला गेला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर केले. आज पाचवी पूजणारी घरे आपल्यातही आहेत, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरी आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी आजीचे हे बोलणे लक्षात ठेवावे.

आणि अज्ञान फक्त अडाण्यांचेच असते असेही समजू नका. युरोपात व्हिएन्ना शहरात एक मोठे इस्पितळ होते. तेथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात शेकडा दहाच्या आसपास बाळंतिणी तापाने मरत; सुईणींच्या विभागात त्याच्या निम्म्याहून कमी. गरीब बाया डॉक्टरांच्या विभागात जायला घाबरत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू शेकडा दोनच्या घरात आले. तेव्हा बड्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात अस्वच्छ? आम्ही सभ्य गृहस्थ! सेमेलवाइसला नोकरी गमवावी लागली. विटाळ जन्मात नसतो, न धुतलेल्या हातात असतो, आणि ते हात पंडिताचे असले तरी असतो, हे त्या इस्पितळाने दाखविले. आमच्याकडे गोमूत्र शिंपडले जात होते आणि विळा मात्र तसाच वापरला जात होता.

दुसऱ्या गुणाकडे येतो. पथ्य-अपथ्याचे ज्ञान. हे नर्सला तर हवेच, पण घरातल्या प्रत्येकाला थोडे हवे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या बायांच्या अंगात रक्त नसते. हे मी रागाने म्हणत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशी बाई बाळंत होते. बाळंतपणात थोडे रक्त जाणारच. परंतु अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक गेले तर धोका, आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी तिला त्याहून कमी गेले तरी धोका. काही तासांत बाई हातची जाते. शिकलेली नर्स मूल बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देते, पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे घट्ट झाले की नाही पाहते, सैल वाटले तर चोळते. हे काम घाणीचे आहे काय? हे पहारा देण्याचे काम आहे. आणि त्याची तयारी सहा महिने आधी घरात होते: लोहाच्या लाल गोळ्या रोज, किमान १८० दिवस. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबाबरोबर चालतील. शौचाला काळे होते म्हणून बाया गोळ्या टाकून देतात. ते काळे होणारच, त्यात भिण्यासारखे नाही. पत्र्यावर फेकलेल्या लाल गोळ्या मी आपल्या वस्तीत मोजल्या आहेत.

दुसरे, बीपी. गरोदर बाईचा रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक झाला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजले, छातीखाली दुखू लागले, तर त्याला दृष्ट म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळू नका. पुढे झटके येतात आणि लोक म्हणतात, बाईच्या अंगात आले! त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे, अंगारा नाही.

बाळाचे थोडक्यात: जन्मताच कोरडे करून आईच्या छातीशी, तासाभरात अंगावर, पहिल्या दिवशी आंघोळ नाही, मध नाही, घुटी नाही. बाळ दूध ओढेना, अंग गार लागले, किंवा शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास मोजले, तर तो दिवस घरी बसण्याचा नाही. श्वास मोजायला डॉक्टर लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी १९९० नंतरच्या दशकात खेड्यांतल्या थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना हेच शिकविले: श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगभरच्या डॉक्टरांनी वाचले. ज्या बायांना जग 'काय कळते त्यांना' म्हणत होते त्यांनी हे केले.

आणि जुलाब. तथागतांनी धुतलेल्या त्या भिक्खूचा आजार हाच. अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात, त्याने माणूस मरतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मिश्रण पाण्यात कालवून पाजायला सांगितले. पाजणारे कोण, तर आजाऱ्यांचे नातेवाईक. शेकडा वीस-तीस मरत होते ते चारच्या खाली आले. आज तेच पुडके उपकेंद्रात फुकट मिळते. एक पुडके, एक लिटर स्वच्छ पाणी, प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे; मुलाला जोडीला चौदा दिवस झिंकची गोळी; आणि खाणे बंद करायचे नाही. पोट 'रिकामे ठेवणारी' आजीबाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. तिला प्रेमाने समजवा.

तिसऱ्या गुणाविषयी मला थोडे भांडायचे आहे. लाभाच्या आशेवाचून सेवा, असे तथागत म्हणाले. हे वाक्य नर्सांच्या तोंडावर फेकण्याची काही लोकांना सवय आहे. पगार वाढवून मागितला, बारा तासांऐवजी आठ तासांची पाळी मागितली, कंत्राटी नोकरी कायम करा म्हणाल्या, की लगेच, "तुमचे काम सेवेचे आहे, सिस्टर!" माझ्या आजीलाही हेच सांगत. पुण्य लागेल म्हणत. परंतु विनयात त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे. एखादा आजारी भिक्खू वारला, तर त्याचे पात्र आणि चीवर संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असे तथागतांनी सांगितले. म्हणजे सेवकाचा हक्क तथागतांनी ओळखला होता. लोभ वेगळा, श्रमाचे मोल वेगळे. जुनेर हे मोल नव्हते. पगार हे मोल आहे.

बाबासाहेबांनी याच दृष्टीने बाळंतिणीकडे पाहिले. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भरपगारी विश्रांती मिळावी या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४२ पासून मजूरमंत्री असताना खाणीतल्या स्त्रियांसाठीही त्यांनी प्रसूतिलाभाचे कायदे पुढे नेले. हे पुस्तकी ज्ञान नव्हते. माता रमाईची चार लेकरे त्यांनी मातीआड केली होती: गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. राजरत्न १९२६ साली गेला. सभागृहात उभे राहून आईच्या विश्रांतीची मागणी करणाऱ्या माणसाच्या घरी काय घडून गेले होते हे लक्षात घेऊन ते भाषण वाचले पाहिजे.

किळस न येण्याबद्दल मी पुरुषांना दोन शब्द सांगतो. तथागतांनी ज्यांना शुश्रूषेचा उपदेश केला ते सगळे पुरुष होते. आनंद पुरुष होता. आपल्याकडे मात्र बाप अंथरुणाला खिळला की सून पाहते, आणि लेक बाहेर ओट्यावर भेटायला आलेल्यांशी बोलत बसतो. खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. हे दोघांनी मिळून करायचे काम आहे. एकाने डोक्याकडे, एकाने पायांकडे. किळस म्हणाल तर ती पहिले दोन दिवस असते. सावित्रीबाई फुल्यांना १८९७ साली पुण्याच्या प्लेगात मुंढव्याच्या महारवस्तीतले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्याकडे चालताना किळस आली नाही आणि भीतीही वाटली नाही. त्या प्लेगानेच त्या १० मार्चला गेल्या. आणि त्याच सावित्रीबाईंनी जोतीरावांबरोबर १८६३ साली घर उघडले होते ते फसविल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी, हेही विसरू नका.

पाचव्या गुणाबद्दल बोलताना आपल्याच माणसांना बोल लावावा लागेल. माझी सून पहिल्या खेपेला एका सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. कळा असह्य होऊन ती ओरडली, तेव्हा तिला ऐकविले गेले, "आता रडतेस, तेव्हा कळले नाही का?" मांडीवर चापट मारली. ऐकविणारी बाई कोण होती? आपल्याच समाजातली, जयभीम म्हणणारी. ती वाईट नव्हती. रात्रपाळीत पंचवीस-तीस बाया आणि ती एकटी, हे मी नंतर पाहिले. तरीही, कळा देणारी बाई त्या घटकेला जगात सर्वांत एकटी असते. तिच्याशी कसे बोलावे हा विद्येचाच भाग आहे, शील त्याला जोडलेले आहे. नर्स झालेल्या आपल्या लेकींनी हे ऐकावे. आणि त्यांच्या रात्रपाळीवरून कुजबुजणाऱ्यांनीही ऐकावे. चौथे शील असत्यापासून दूर राहण्याचे आहे. ते कुजबुजलेल्या असत्यालाही लागू आहे.

आजाऱ्यांनाही तथागतांनी सोडलेले नाही. शुश्रूषेला अवघड असा आजारी कोण, तर जो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण ठेवीत नाही, औषध घेत नाही, दुखणे आहे तसे सांगत नाही आणि वेदना सोसत नाही. अंगावरून जाते ते सांगायला आपल्या बाया दोन-दोन वर्षे लावतात. म्हातारे शुगरची गोळी उशीखाली ठेवतात. एवढे पुरे, ज्याचे त्याने ओळखावे.

आता अंगुलिमालाची गोष्ट. माणसे मारणारा हा दरोडेखोर भिक्खू झाला. एके दिवशी श्रावस्तीत भिक्षेला गेला असताना त्याने एक अडलेली बाई पाहिली. ज्याने इतके गळे चिरले त्याच्या काळजात पहिली कालवाकालव झाली ती बाळंतपणाच्या कळा पाहून. तो तथागतांकडे धावला. तथागतांनी त्याला तिच्याकडे परत पाठविले. जाऊन सांग, मी जाणूनबुजून जीव घेतला नाही, या सत्याने तुझे व तुझ्या गर्भाचे कल्याण होवो. तो म्हणाला, हे तर असत्य होईल. तेव्हा तथागतांनी त्यात एक दुरुस्ती केली: आर्यजन्म घेतल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून. श्रीलंकेत व इतर बौद्ध देशांत बाळंतपणाच्या वेळी हे परित्त म्हणतात. म्हणावे. बाईला धीर येत असेल तर जरूर म्हणावे. पण आधी १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत म्हणावे. मला या कथेत मंत्रापेक्षा ती दुरुस्ती मोलाची वाटते. जुन्या जन्मात काय होतो ते सोडून, नव्या जन्मात मी अडलेल्या बाईकडे काय म्हणून जातो?

आजीवर ती वेळ आली. १९६० च्या सुमाराची गोष्ट, मी दहा वर्षांचा होतो. सुईणकी सोडून तीन-चार वर्षे झाली होती. रात्री कंदील वस्तीच्या कडेला येऊन थांबला. पाटलांची सून दोन दिवस अडली होती. वस्तीतले पुरुष जमले. म्हणाले, जायचे नाही, ठराव आहे. आजी उठली. कंदीलवाल्याला म्हणाली, "बलुत्याला येत नाही मी. बाई अडलीय म्हणून येते. म्होरल्या दारानं येईन." मी तिच्या मागे गेलो. ती पुढच्या दाराने आत गेली. कोणी अडविले नाही, तेवढा कोणाला धीरच नव्हता. आत तिने पाहिले, बाळाचा हात आधी आला होता. ती बाहेर येऊन म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाई. बैलं जुपा, तालुक्याला न्या." ती स्वतः गाडीत बसली. पहाटे पोहोचलो. बाई वाचली. मूल गेले.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी गोमूत्र शिंपडलेच. पाठविलेले जुनेर आजीने परत केले. आणि आमच्या वस्तीतली निम्मी माणसे चार-सहा महिने आजीशी बोलली नाहीत. ठराव मोडला म्हणून. त्यांचेही मी चूक म्हणत नाही. पण "हे माझ्या हातचं न्हाई" हे जे तिला कळले, ते पुढे निस्तरायला आपल्या वस्तीतली कोणी शिकलेली असती तर, असे मला साठ वर्षांहून अधिक काळ वाटत आले आहे.

तेव्हा थोरल्या भावाला माझे सांगणे असे. तुमची पुतणी सुईणकीला जात नाही. सुईणकीला कोणी नंबर लावून जात नसे, त्याला परीक्षा नव्हती, पगार नव्हता आणि नकार देण्याची सोय नव्हती. ती शरीरशास्त्र शिकेल, औषधाचे माप शिकेल, तिचे नाव नर्सिंग कौन्सिलच्या पटावर चढेल. मनात आले तर पुढे बाळंतपणाच्या विद्येचा अठरा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रमही आता निघाला आहे, तो करून ती स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपणे करील. १९९७-९८ च्या सुमारास देशात लाख बाळंतपणांमागे चारशेच्या आसपास आया मरत होत्या. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. या उतरत्या आकड्यांमागे फार मोठ्या प्रमाणात पांढऱ्या साडीतल्या आणि पंजाबी ड्रेसमधल्या मुली आहेत. उरलेल्या ३३ जणींमध्येही आपल्या वस्त्यांतल्या आणि पाड्यांवरच्या बाया असतातच. बेडपॅन ती उचलील, होय. आनंदानेही पाण्याचे भांडे उचललेच होते.

आणि फीचा प्रश्न असेल तर समितीकडे या. बुद्धजयंतीच्या मंडपातून आणि डीजेतून वाचवले तर पहिल्या वर्षाचे होस्टेल सहज निघेल. मी हिशेब करून ठेवला आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर उपकेंद्रातल्या सिस्टर विहारात येणार आहेत. बीपीचे मशीन आणि हिमोग्लोबिन पाहायची सुई आणतील. गरोदर बायांनी सकाळी खाऊन यावे, रिकाम्या पोटी येऊन चक्कर आणू नये. सासवांनी बरोबर यावे. आणि पुरुषांनी बाहेर कट्ट्यावर न बसता आत येऊन ओआरएस कसे कालवतात, म्हाताऱ्या माणसाची कूस कशी बदलतात, हे शिकून घ्यावे. सतरंजी आणि एक रिकामी खाट समितीने द्यायची आहे. खाटेवर निजून दाखवायला मी तयार आहे.